मायामी बीच : दिसतं श्रीमंतीचं, बांधलं काटकसरीनं (आणि आपल्या पेठेतली सिमेंटची घरं)

गिट्टी_रेती (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, धंदा घरं बांधून द्यायचा. लेक-जावई फ्लोरिडात असतात. त्यांच्याकडं गेलो तेव्हा मायामी बीच पायी हिंडून पाहिलं. समुद्रावर लिहिणारे इथं पुष्कळ आहेत, मी इमारतींवर लिहितो.

ओशन ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला ओळीनं हॉटेलं. लोक जगभरातून येऊन त्यांच्यापुढं फोटो काढतात. मी जवळ जाऊन भिंतीवर हात फिरवला. सिमेंटच्या ब्लॉकचं बांधकाम, वरून गिलावा. मजले तीन. खिडकीवर छज्जा, छज्ज्याखाली गिलाव्यातच काढलेल्या तीन आडव्या पट्ट्या, वर पायऱ्यापायऱ्यांची पॅरापेट (गच्चीची बुटकी भिंत) आणि मधोमध हॉटेलाचं नाव लिहिलेला उभा सुळका. माझ्या नेहमीच्या मिस्त्रीला हा नकाशा दिला तर तो विचारेल, "साहेब, यात अवघड काय हाय?"

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सौंदर्य पैशाच्या टंचाईतून आलं, आणि बऱ्याच अंशी टंचाईमुळंच टिकलं. कसं ते सांगतो.

मायामी बीच म्हणजे मायामी शहर नव्हे. मधे बिस्केन खाडी आहे, तिच्या पलीकडची वाळूची लांबट पट्टी म्हणजे हे गाव. आधी तिथं तिवरं आणि डास, बाकी काही नाही. १८८० च्या दशकात काही जणांनी नारळाची बाग लावून पाहिली, तर कोंब ससे-उंदरांनी खाल्ले. मग न्यू जर्सीचा जॉन कॉलिन्स नावाचा बागायतदार आला. त्यानं अव्होकॅडो लावले आणि माल नेण्यासाठी खाडीवर लाकडी पूल घातला, १९१३ साली. पूल पुरा व्हायच्या आधीच त्याचे पैसे संपले. तेव्हा कार्ल फिशरनं ५०,००० डॉलर कर्जाऊ दिले आणि बदल्यात २०० एकर जमीन घेतली. हा फिशर मोटारीच्या दिव्यांच्या धंद्यात गबर झालेला, इंडियानापोलिसची मोटारशर्यतीची धावपट्टी उभी करणाऱ्यांतला एक. त्यानं खाडीचा तळ उपसला, तिवरं तोडली, त्यावर भराव घातला आणि प्लॉट पाडले. २६ मार्च १९१५ ला गावाची रीतसर नोंद झाली. जाहिरातीसाठी एक हत्तीण पाळली होती, नाव रोझी. नुकतेच निवडून आलेले अध्यक्ष हार्डिंग १९२१ साली तिथं गोल्फ खेळायला गेले तेव्हा त्यांच्या काठ्या वाहायला रोझी उभी केली. फोटो देशभर छापून आला. प्लॉटवाल्यांची जात सगळीकडं सारखीच!

त्या काळात बांधलेली हॉटेलं आणि बंगले स्पेन-इटलीच्या नकलेचे. लाल कवेलू, कमानी, कोरीव दरवाजे. १८ सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळानं हा फुगा फोडला. पाठोपाठ १९२९ ची मंदी. त्यानंतर १९३५ च्या पुढं जे गिऱ्हाईक येऊ लागलं ते लक्षाधीश नव्हतं. न्यूयॉर्ककडचे दुकानदार, कारकून, थंडीत आठ-पंधरा दिवस ऊन खायला येणारे. त्यांना परवडेल असं भाडं ठेवायचं तर बांधकाम स्वस्त पाहिजे. प्लॉट अरुंद, खोल्या लहान, लिफ्टचा खर्च नको म्हणून मजले कमी. हेन्री होहाउझर आणि एल. मरे डिक्सन या दोन आर्किटेक्टांनी या चौकटीत शेकड्यानं इमारती काढल्या. कोरीव कामाला पैसे नव्हते, म्हणून नक्षी गिलाव्यात आली. आज सारं जग याला आर्ट डेको म्हणून ओवाळतं.

पुढचं उद्या लिहितो, साइटवर स्लॅब आहे.

वऱ्हाडी_ठेचा

नारळाले ससे अन् आमच्या तुरीले रोही (नीलगायी)! म्हंजे तिकडचा कास्तकारही आपल्यासारखाच मेला म्हना ना. त्याले कंपाउंडची सबसिडी भेटली का नाई?

बाकी हत्तीनीचं आवडलं. आमच्याकडं लेआउटवाले नुसता ढोल-ताशा आनतात.

मोझॅक

सुंदर धागा, दादा. मी अमरावतीला आर्किटेक्ट आहे, म्हणून थोडी भर घालते.

एक, त्या छज्ज्यांना तिकडे 'भुवया' म्हणतात, आणि त्या शोभेपुरत्या नाहीत. एसी नव्हते तेव्हाची ही घरं. ऊन डोक्यावर आलं की छज्जा खालच्या काचेवर सावली टाकतो. खिडक्या इमारतीच्या कोपऱ्याला वळवलेल्या असतात, त्यानं दोन बाजूंचा वारा मिळतो. खाली ओसरी ऐसपैस, कारण खोली लहान असेल तर माणूस बाहेर बसणार. तेव्हा आगबोटीचं वेड होतं म्हणून गोल खिडक्या, लोखंडी नळ्यांचे कठडे. आत मात्र चिपची फरशी, रंगीत गोट्यांची नक्षी असलेली. गालिचा घालायला नको आणि पायावरची वाळू झाडूनं निघते. काटकसरीचं तुमचं म्हणणं इथे अगदी पटतं.

दोन, गुलाबी-पोपटी-आकाशी रंग पाहून आपण भुलतो, ते रंग मूळचे नाहीत! १९३० च्या दशकात बहुतेक इमारती पांढऱ्या होत्या, कडांना थोडा रंग. आज दिसतात ते आइस्क्रीमचे रंग लेनर्ड हॉरोविट्झ या डिझायनरनं १९७० च्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात सुचवले. गिलाव्यातली नक्षी लांबून उठून दिसावी म्हणून. १९८४ मध्ये 'मायामी व्हाइस' ही टीव्ही मालिका सुरू झाली आणि ते रंग घराघरात पोचले. जुनं म्हणून लोक ज्याचा फोटो काढतात, त्यातला रंग असा पन्नासेक वर्षांच्या आतला आहे.

तीन, मुंबई. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू, रीगल (१९३३), इरॉस (१९३८). त्याच काळातली, त्याच घराण्यातली. २०१८ मध्ये युनेस्कोनं दक्षिण मुंबईतल्या गॉथिक आणि डेको इमारतींना मिळून जागतिक वारसा ठरवलं.

गिट्टी_रेती

मोझॅक ताई, धन्यवाद. मुंबईवरून आपल्याकडं येतो. तुमच्या-माझ्या तालुक्याच्या पेठेत १९४० ते ५५ च्या दरम्यान बांधलेली सिमेंटची घरं आठवा. पॅरापेटवर मधोमध गिलाव्यात कोरलेलं साल, वर ॐ, बाजूला कमळ नाहीतर चक्र. खिडकीच्या लोखंडी जाळीत उगवता सूर्य. गॅलरीचा कोपरा गोल. जुन्या टॉकीजचा दर्शनी भाग तर हटकून असाच. कापसाचे व्यापारी मुंबईला कॉटन ग्रीनला जायचे, मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला ही छोटी गाडी आणि पुढं मोठी गाडी. तिथल्या इमारती डोळ्यात भरल्या असणार आणि येताना त्यांनी इथल्या मिस्त्रीला वर्णन करून सांगितलं असणार, असा माझा अंदाज. कारण या घरांची मापं तंतोतंत कुठंच जुळत नाहीत, प्रत्येक मिस्त्रीनं आपल्या अकलेनं काढलेली आहेत. मला तीच मजा वाटते.

आता पुढची कथा. १९४२ मध्ये लष्करानं मायामी बीचची शेकडो हॉटेलं ताब्यात घेतली आणि हवाई दलाच्या जवानांचं शिक्षण सुरू केलं. सिनेनट क्लार्क गेबलही त्यात होता. युद्ध संपल्यावर पैसा उत्तरेकडच्या किनाऱ्याला गेला. तिथं १९५४ मध्ये मॉरिस लॅपिडस या आर्किटेक्टनं फाउंटनब्लू हॉटेल बांधलं. भलंमोठं, वक्राकार, आत एक जिना जो कुठल्याच मोठ्या खोलीत जात नाही, फक्त नटूनथटून उतरायला. टीकाकारांनी नाकं मुरडली आणि गिऱ्हाइकांनी रांगा लावल्या.

दक्षिणेकडची छोटी हॉटेलं मात्र मागं पडली. विमानं स्वस्त झाली, लोक कॅरिबियन बेटांवर जाऊ लागले, १९७१ मध्ये ऑर्लँडोला डिस्ने आलं. रिकाम्या खोल्यांत पेन्शनवर जगणारे म्हातारे राहायला आले, बहुतेक ज्यू, काही हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले. ओसरीवर ओळीनं खुर्च्या टाकून बसायचे. नगरपालिकेनं मग दक्षिण टोकाचा सगळा भाग पाडून तिथं कालवे काढून व्हेनिस करायचं ठरवलं. योजना होईपर्यंत नव्या बांधकामाला बंदी. बंदी आहे म्हणून कोणी दुरुस्ती करेना, दुरुस्ती नाही म्हणून इमारती अजून खराब. व्हेनिस काही झालं नाही.

बार्बरा कॅपिटमन नावाच्या बाईनं १९७६ मध्ये मंडळ स्थापून या जुन्या इमारतींच्या याद्या करायला सुरुवात केली. हॉरोविट्झ तिच्याच सोबतचा. १९७९ मध्ये सुमारे ८०० इमारतींचा हा भाग अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेला. एरवी त्या यादीत जायला ५० वर्षं जुनं असावं लागतं. ही तर जेमतेम ४० वर्षांची हॉटेलं होती. विचार करा, आज १९८५ सालच्या एखाद्या लॉजसाठी कोणी असं भांडलं तर आपण त्याला काय म्हणू?

पैनगंगा

वाचतोय, चांगलं लिहिता. पण मी त्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमच्या आजोबांचं असंच घर आहे पेठेत. पॅरापेटवर साल, गोल गॅलरी, सगळं. वारस सात, त्यातले दोन पुण्यात आणि एक कॅनडात. गळती सुरू झाली की फोन मला. गेल्या वर्षी पाहुणे आले, सगळ्यांनी मोबाइलमध्ये फोटो काढले, "किती सुंदर, पाडू नका हं!" आणि चहा पिऊन गेले. जतनाचा खर्च कोण देतो ते सांगा. कॅपिटमन बाईंची स्वतःची इमारत होती का त्यात?

गिट्टी_रेती

पैनगंगा भाऊ, रास्त प्रश्न. बाई मालक नव्हत्या आणि मालक त्यांच्यावर खवळूनच असत. त्या यादीत नाव गेलं म्हणून मालकाला पाडायला बंदी नसते, सरकारी पैसा लागत असेल तरच आडकाठी. १९८१ मध्ये होहाउझरचं न्यूयॉर्कर हॉटेल पाडलं. डिक्सनचं सेनेटर १९८८ मध्ये पाडलं. कशासाठी? गाड्या उभ्या करायला. गावाचे स्वतःचे पाडकामविरोधी नियम त्या भांडणांतून हळूहळू कडक होत गेले.

पैशाचं उत्तर असं की १९८१ च्या कर कायद्यानुसार यादीतली इमारत नियमाप्रमाणं दुरुस्त केली की खर्चाच्या २५ टक्के रक्कम करातून वजा होत होती. १९८६ मध्ये ती २० टक्क्यांवर आणली. गुंतवणूकदार आले ते या हिशेबानं. प्रेमापोटी आलेले थोडे.

आपल्याकडं खाजगी मालकाला असं थेट काही नाही. ते मान्यच आहे.

शाळामास्तर

उत्तम धागा, परंतु एक बाजू राहते आहे. ज्या किनाऱ्याची शोभा आपण वर्णन करीत आहात तो कोणासाठी खुला होता? फिशरच्या प्लॉटांच्या खरेदीखतांत ज्यूंना विकू नये अशा अटी असत. दक्षिण टोकाला, पाचव्या रस्त्याच्या खाली, त्यांना राहू देत. ती छोटी स्वस्त हॉटेलं याच भागात आणि याच्या आसपास वाढली हा योगायोग नव्हे. होहाउझरचे कार्डोझो हॉटेल (१९३९) घ्या. ते नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे ज्यू न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांचे. ज्या गावी "फक्त ख्रिश्चनांसाठी" अशा पाट्या लागत तिथे दर्शनी भिंतीवर हे नाव मोठ्या अक्षरांत लावणे हे उत्तर होते, असे मी समजतो.

आणि काळ्या लोकांची तर बातच निराळी. हॉटेलांत चादरी बदलणारे, भांडी घासणारे तेच, पण त्यांना ओळखपत्र बाळगावे लागे आणि रात्री गावात थांबता येत नसे. एला फिट्झजेराल्ड, नॅट किंग कोल यांच्यासारखे कलावंत मायामी बीचवर गाऊन टाळ्या घेत आणि झोपायला खाडी ओलांडून ओव्हरटाउन या मायामीतल्या काळ्यांच्या वस्तीत जात. समुद्रात उतरायला काळ्यांना १९४५ मध्ये व्हर्जिनिया की हा वेगळा किनारा मिळाला.

आपल्या पेठेतल्या गोल गॅलऱ्यांबद्दलही हेच विचारावे लागेल. त्या घरांत पुढच्या दाराने कोण जात होते आणि मागच्या गल्लीने कोण? माझे वडील आयुष्यभर मागच्या गल्लीने गेले. गिलाव्याचे कमळ त्यांनी रस्त्यावरूनच पाहिले.

मोझॅक

गुरुजी, हे लिहिलंत ते बरं झालं. आम्ही कॉलेजात अशा घरांचे नकाशे काढले तेव्हा दर्शनी भाग आधी काढला, मागचा दरवाजा बहुतेक कागदावर आलाच नाही. मागचा जिना, संडासाची वेगळी वाट, धान्य उतरवायची खिडकी, हेसुद्धा त्या घराचं डिझाइनच आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, दंडवत.

(मी इथं गंमत करनार होतो, रायली.)

धामणगाव_पॅसेंजर

वकिली करतो, म्हणून धाग्याला थोडा छेद. फाउंटनब्लूचं नाव निघालं आणि राहवलं नाही. त्याच्या शेजारी १९५५ मध्ये ईडन रॉक हॉटेल उभं राहिलं. आर्किटेक्ट तोच, लॅपिडस. मालक मात्र फाउंटनब्लूच्या मालकाचा जुना भागीदार. आता भागीदार फुटले की काय होतं ते जिनिंगवाल्यांच्या गावात सांगायला नको. फाउंटनब्लूनं आपल्या हद्दीत ईडन रॉकच्या बाजूला १४ मजली नवी इमारत चढवायला घेतली. हिवाळ्यात, म्हणजे ऐन सिझनमध्ये, दुपारी दोनपासून तिची सावली ईडन रॉकच्या पोहण्याच्या तलावावर. लोक ऊन खायला येतात आणि तुम्ही सावली विकता!

खालच्या कोर्टानं काम थांबवलं. १९५९ मध्ये अपिलाच्या कोर्टानं निकाल फिरवला. शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उजेड-वाऱ्यावर तुमचा कायदेशीर हक्क नाही. इमारत उपयोगाची असेल तर त्यामागं थोडा आकस असला तरी चालेल. अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात.

आपल्याकडं मात्र १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे, कलम १५. खिडकीतून २० वर्षं विनाखंड, शांतपणे, हक्क म्हणून उजेड-वारा येत असेल तर तो हक्क होतो. दिवाणी कोर्टात अशी प्रकरणं नेहमीची. पैनगंगा भाऊ, तुमच्या आजोबांच्या खिडक्यांना हा हक्क केव्हाच मिळालाय. शेजारी कोणी बिल्डर आला तर आधी मला भेटा. (फी वेगळी!)

पैनगंगा

वकीलसाहेब, शेजारी बिल्डर आला तर मी त्यालाच पेढे देणार आहे.

संत्रानगरी_टँपा

नमस्कार. मूळ गाव काटोल तालुक्यात, सध्या फ्लोरिडातल्या टँपात, इमारतींच्या विम्याच्या क्षेत्रात. मागची पन्नासेक वर्षं झाली, आता समोर काय वाढून ठेवलंय ते सांगतो.

पहिलं म्हणजे तो किनारा. हॉटेलवाल्यांनी भिंती आणि बांध घालून घालून वाळू खचवली होती, काही ठिकाणी लाटा थेट भिंतीला लागत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लष्कराच्या इंजिनिअरांनी समुद्राच्या तळातून वाळू उपसून ती किनाऱ्यावर पसरली. आज दिसणारा रुंद किनारा बऱ्यापैकी माणसानं केलेला आहे, आणि तो पुन्हापुन्हा भरावा लागतो.

दुसरं पाणी. जमिनीखाली सच्छिद्र चुनखडक आहे. समुद्राला भिंत घातली तरी पाणी खालून येतं. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, आभाळात ढग नसताना, गटारातून रस्त्यावर पाणी. पालिकेनं पंप बसवले आणि काही भागात रस्ते दोनेक फूट उचलले. आता रस्ता वर आणि दुकानं खाली. दारात पायऱ्या उतरून जायचं.

तिसरं खारी हवा. मीठ काँक्रिटमध्ये शिरतं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. शेजारच्या सर्फसाइड गावात २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत अर्धीअधिक कोसळली. ९८ माणसं गेली. इमारत १९८१ ची, म्हणजे ही डेको हॉटेलं तिच्या बापाच्या वयाची. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग गेलंय असं २०१८ च्या पाहणीत इंजिनिअरनं लिहून दिलं होतं. दुरुस्तीची वर्गणी कोणी किती द्यायची यावर सभासदांत वाद चालले होते.

त्यानंतर सगळीकडे तपासण्या कडक झाल्या, विम्याचे हप्ते वाढले, आणि जुनी इमारत ठेवण्यापेक्षा पाडून टॉवर बांधणं परवडायला लागलं. डोव्हिल हॉटेल १९५७ चं. १९६४ मध्ये बीटल्स तिथून टीव्हीवर गायले होते. २०१७ मध्ये विजेमुळे आग लागली, बंद पडलं, कोणी हात लावला नाही, आणि २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडलं. पाडायला परवानगी मिळत नसेल तर पडू द्यायचं. हा मार्ग दोन्ही देशांत माहीत आहे.

वऱ्हाडी_ठेचा

रस्ता वर अन् घर खाली, हे आमच्या गल्लीत बिनासमुद्राचं झालं ना बाप्पा! डांबरावर गिट्टी, गिट्टीवर सिमेंट, अन् जुना कोनी खोदतच नाई. पैले तीन पायऱ्या चढून घरात जावं लागे, आता एक उतरा लागते. आखाडात मोटार लावून ओसरीतलं पानी बाहेर फेकतो. तिकडं इंजिनेरनं हिशेब करून उचलला, इकडं ठेकेदारानं बिलासाठी. पानी दोघाच्याही घरात.

अन् मिठाचं म्हनाल तर मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. समुद्र नाई, पन बोअरचं पानी खारं. त्याच पान्यानं बांधलेल्या घराचे बीम पंधरा वर्षांत फुटून रायले.

गिट्टी_रेती

ठेचा भाऊ, हे लाखमोलाचं बोललात. पूर्णेच्या खोऱ्यात बांधकामाला आणि तराईला (नव्या सिमेंटवर पाणी मारायला) टँकरचं गोडं पाणी घ्या म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, तर म्हणतात खर्च वाढतो. मग दहा-पंधरा वर्षांनी स्लॅबची पापडी खाली पडते आणि दोष सिमेंट कंपनीला. बोअरचं पाणी तपासून घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

टँपा साहेब, तुम्ही लिहिलं त्यावरून एक आठवलं. ओशन ड्राइव्हला एका हॉटेलाच्या मागं दुरुस्ती चालू होती. छज्ज्याचा गिलावा काढलेला. आत चार बोटांवर सळई, तीही बारीक, आणि कडेला जेमतेम पाऊण इंच काँक्रीट. समुद्रापासून एवढ्या जवळ! कामगार, बहुतेक क्यूबाकडचे, हातोडीनं ठोकत ठोकत पुढं जात होते. जिथं आवाज पोकळ येई तिथं खडूनं गोल करायचे. आपलेही जुने मिस्त्री असंच करतात. तासभर पाहत उभा राहिलो, लेक वैतागली.

शाळामास्तर

त्या ओसरीवर बसणाऱ्या वृद्धांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितले नाही.

संत्रानगरी_टँपा

सर, काहींचं वय झालं होतं, ते गेले. उरलेल्यांना भाडी झेपेनात. हॉटेलं नीट झाली, मॉडेलिंगवाले आणि फोटोग्राफर आले, १९९२ मध्ये फॅशन डिझायनर व्हर्साचे यांनी ओशन ड्राइव्हवरच घर घेतलं, आणि महिन्याच्या भाड्याच्या खोल्या रात्रीच्या दरानं जाऊ लागल्या. कॅपिटमन यांना हे म्हातारे तिथंच राहायला हवे होते, इमारती आणि माणसं दोन्ही. इमारती राहिल्या. त्या स्वतः १९९० मध्ये वारल्या.

मोझॅक

अवांतर, पण राहवत नाही. आपल्याकडे आत्ता जो कायापालट चालू आहे तो पाहा. प्रत्येकाला 'एलिव्हेशन', म्हणजे नटवलेला दर्शनी भाग, पाहिजे. छज्जे छाटायचे, समोर एसीपी (ॲल्युमिनियमची) शीट आणि निळी काच लावायची, वर एलईडी. पश्चिमेला तोंड असलेल्या घराला! मे महिन्यात ४५-४६ अंशाला त्या काचेमागे कूलरही हात टेकतो. जुन्या घराचा दोन फुटी छज्जा काही न मागता काम करत होता. परवा एका गिऱ्हाइकाला समजावलं, तर म्हणाले, "ताई, छज्जा जुना दिसते. तुम्ही एसी किती टनाचा लागेल तेवढं सांगा."

पैनगंगा

बरं, इतकं सगळं वाचल्यावर विचारूनच टाकतो. टोमणा नाही, खरंच विचारतोय. आमच्या गॅलरीच्या छज्ज्याची सळई दिसायला लागली आहे, खालून गिलावा पडतो. एक ठेकेदार म्हणतो पूर्ण छज्जा तोडा, दुसरा म्हणतो वरून सिमेंट मारून देतो, रंग दिला की दिसणार नाही. पाडायचं का ठेवायचं ते सातही जण मिळून ठरवतील तेव्हा ठरवतील, तोवर खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडू नये. काय करू?

गिट्टी_रेती

दुसऱ्याला तर बिलकुल हात लावू देऊ नका. गंजावर सिमेंट मारलं की आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या वेळी मोठा तुकडा पडतो.

आधी खाली बांबू लावून रस्ता अडवा, हे आजच. मग हातोडीनं ठोकून पोकळ भाग शोधा आणि तेवढंच काँक्रीट फोडा, सळईच्या मागं बोट जाईल इतकं. सळई तारेच्या ब्रशनं घासून चमकेपर्यंत स्वच्छ करा. जाडी पावपट कमी झाली असेल तर बाजूला नवी सळई बांधायची, नुसतं घासून भागणार नाही. मग गंजरोधक लेप, आणि वर पॉलिमर मिसळलेला मसाला थराथरानं. तराई नीट करा. शेवटी छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच मारून घ्या. जुन्या मिस्त्रीनं ती मारलेली असणार, रंगाच्या थरांनी बुजली असेल. पाणी आत ओघळत जातं ते त्यामुळंच.

आणि वर गच्चीत त्या बाजूचा पावसाळी नळ तुंबलाय का ते बघा, दहातल्या आठ घरांत मूळ तिथंच असतं.

मोझॅक

सहमत. शिवाय आतून चिपची फरशी असेल तर दुरुस्तीचा मसाला तिच्यावर सांडू देऊ नका, ताडपत्री घाला. ॲसिडनं धुऊ तर मुळीच नका.

पैनगंगा

फरशी आहे. हिरवी, मधे पिवळं चांदणी-फूल. तिच्यावर सध्या सोयाबीनची पोती आहेत.

गिट्टी_रेती

पोती हलवा, ओल धरेल. रविवारी दिग्रसला साइटवर येतोय, तिकडून तुमच्याकडं चक्कर टाकतो. तोवर छज्ज्याचे फोटो टाका. खालून काढा, वरून नको.